बूट, मैदान आणि मोहल्ला

पुण्याहून नगरकडे (आता अहिल्यानगर) येताना वाडेगव्हाणचा फाटा लागतो. तिथून आत वळले की थोड्या अंतरावर राळेगणसिद्धी. गेल्या हिवाळ्यात एका कार्यक्रमासाठी भल्या पहाटे त्या रस्त्याने जाण्याचा योग आला. अजून फटफटायचे होते. गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पळणारी सात-आठ पोरे दिसली. ही भरतीची पोरे. पारनेर तालुक्यात पाऊस कमी आणि जमीन मुरमाड, त्यामुळे मिलिटरी आणि पोलीस ही इथली हमखास पिके. खुद्द अण्णा हजारे आधी लष्करात ड्रायव्हर होते, १९७५ साली नोकरी सोडून गावी परतले आणि मग पाणलोटाचे काम उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझे लक्ष पोरांच्या पायांकडे गेले. एकाच्या पायात अंधारात चमकणारे पोपटी बूट, तिघा-चौघांच्या पायात शाळेचे पांढरे कॅनव्हास, आणि एक जण चक्क अनवाणी. त्याचे बूट त्याच्या हातात होते. गाडी थांबवून विचारले, "बाळा, बूट हातात का?"

"नवे आहेत सर. ग्राउंडच्या दिवशी घालायचे. तोवर झिजायला नकोत."

कोणताही प्रशिक्षक हे ऐकून कपाळाला हात लावील. परीक्षेच्या दिवशी कोरे बूट घातले तर सोळाशे मीटर संपायच्या आत टाचेला फोड येणार. पण त्या पोराचे गणित वेगळे होते. बूट ही त्याच्या घरातली सर्वांत महाग वस्तू असावी.

शहरात ज्याला स्नीकर म्हणतात आणि आपल्याकडे नुसतेच शूज म्हणतात, तो रबरी तळाचा बूट मैदानातून गाण्यात आणि गाण्यातून फॅशनमध्ये कसा शिरला, याचा इतिहास इंग्रजीत भरपूर लिहिला गेला आहे. तो बहुतेक कंपन्यांचा इतिहास असतो. मला तो बूट हातात घेऊन पळणाऱ्या त्या पोराच्या बाजूने पाहावासा वाटतो.

पायताण हातात घेऊन चालण्याला आपल्या मुलखात जुना अर्थ आहे. वरच्या आळीतून जाताना दलिताने वहाणा काढून हातात घ्यायच्या, ही रीत कित्येक गावांत अगदी अलीकडेपर्यंत होती. इंग्रजांनी त्यात आपली भर घातली. साहेबासमोर देशी जोडा घालून उभे राहणे हा बेअदबीचा प्रकार ठरला. मात्र १८५४ साली कलकत्त्याच्या सरकारने युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीयांना सरकारी समारंभात ते पायात ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे पाय तोच, माणूस तोच; चामड्याचा घाट बदलला की इज्जत बदलली. १८६२ साली सुरतेच्या कोर्टात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाने जोडा काढायला साफ नकार दिला आणि त्यावरून मुंबई इलाख्यात मोठे रण माजले. आज आपल्याला हा वाद हास्यास्पद वाटेल. पण मॉलच्या दारावरचा पहारेकरी आत येणाऱ्याच्या पायांकडे कसा पाहतो, ते एकदा थांबून बघावे.

जोडा काढण्याला आपल्याकडे दुसराही अर्थ आहे, तो अदबीचा. मशिदीत, दर्ग्यात, देवळात, घराच्या उंबरठ्यावर आपण स्वतःहून जोडे काढतो. स्वतःहून काढणे आणि काढायला लावणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मराठी मुलखातल्या एका मोठ्या चित्रकाराने तर जोडे कायमचेच सोडले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन अनवाणी हिंडत. १९६४ साली मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध वारले, त्या दुःखात आपण चपला सोडल्या, असे ते सांगत. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या विलिंग्डन क्लबने अनवाणी म्हणून त्यांना आत घेतले नाही. जगभर चित्रे विकली जाणाऱ्या माणसालाही दारात प्रश्न विचारला गेला तो पायांवरून.

आता मैदानाकडे येऊ. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोजिरांना फुटबॉलमध्ये हरवले, तेव्हा एकाचा अपवाद सोडला तर त्यांचे सगळे खेळाडू अनवाणी होते. अनवाणी पायांनी बूटवाल्यांना हरवले, ही त्या विजयाची खरी गोडी. त्यानंतरचा टप्पा मात्र आपण विसरलो आहोत. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा संघ मोहमेडन स्पोर्टिंग. या क्लबने देशभरातून खेळाडू जमवले आणि पावसात, चिखलाच्या मैदानावर, आपल्या पोरांच्या पायांत हलके बूट चढवले. कोरड्यात अनवाणी, ओल्यात बूट. यात अभिमान नव्हता की लाज नव्हती, सरळ अक्कल होती. चिखलात घसरून हरण्यापेक्षा बूट घालून जिंकलेले बरे. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर १८९१ पासून गोऱ्या पलटणींचा हक्क असल्यासारखे होते. तो १९३७ साली पहिल्यांदा एका हिंदी संघाने नेला, तो बंगळूर मुस्लिम्सने, आणि अंतिम सामन्यात त्यांनी हरवले ते मोहमेडन स्पोर्टिंगलाच. मराठी वाचकाला जमातवार क्रिकेटचे चौरंगी-पंचरंगी सामने आठवतात, पण हा फुटबॉलचा अध्याय आपल्या पुस्तकांत सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ बहुतेक अनवाणीच खेळला आणि फ्रान्सकडून जेमतेम २-१ ने हरला. १९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले. आपला एकुलता गोल बंगळूरच्या अहमद खानचा. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. या दोहोंच्या मधल्या १९५०च्या विश्वचषकाला भारत गेला नाही, कारण अनवाणी खेळायला बंदी होती, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती खरी धरू नये. संघनायक शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले की अडचण बुटांची नव्हती, अधिकाऱ्यांना त्या स्पर्धेचे महत्त्वच वाटले नव्हते. अनवाणी पायांवर खापर फोडणे सोपे असते, म्हणून ती दंतकथा टिकली असावी.

आणि हा रबरी बूट आला कुठून? १८४४ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याचे पेटंट घेतले. त्यातून कापडी वरची बाजू आणि रबरी तळ असलेला स्वस्त, हलका जोडा निघाला. चालताना आवाज होत नाही, चोरपावलांनी जाता येते, म्हणून अमेरिकेत त्याला स्नीकर म्हणू लागले. नावातच संशय आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे. १९१६ साली केड्स आणि १९१७ साली कॉन्व्हर्सचा ऑल स्टार हे बूट बाजारात आले. जर्मनीत आदी डासलर या कारागिराने बनवलेले बूट घालून १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कृष्णवर्णीय जेसी ओवेन्स धावला आणि हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदके घेऊन गेला. महायुद्धानंतर आदी आणि त्याचा भाऊ रुडॉल्फ यांच्यात असे फाटले की एकाच गावात दोन कंपन्या झाल्या. १९४८ साली पुमा, १९४९ साली आदिदास.

आपल्याकडे हा बूट आला तो बाटाच्या वाटेने. १९३०च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर वसले आणि कॅनव्हासचा बूट शाळा, पलटण आणि पोलीस लाइन यांच्यामार्फत देशभर पसरला. माझ्या पिढीला तो पीटीचा बूट म्हणून माहीत. शनिवारी सकाळची शाळा, पांढरा गणवेश आणि पांढरे बूट. शुक्रवारी रात्री ते धुवायचे, वाळले नाहीत तर चुलीच्या उबेला ठेवायचे आणि सकाळी ओल्या खडूने डाग झाकायचे. ज्याच्याकडे बूट नसत त्याला रांगेबाहेर उभे करत. मी त्या बाहेरच्या रांगेत दोन वर्षे काढली. तिथे आम्ही चौघे-पाच जण असू. चांभारवाड्यातला एक, भिल्लवस्तीतला एक आणि बाकी आमच्या गल्लीतले. जोडे शिवणाऱ्याचे पोर जोड्यांवाचून रांगेबाहेर उभे आहे, यातली गंमत आम्हाला त्या वयात कळली नाही.

१९८०च्या दशकात बाटाचे नॉर्थस्टार आणि पॉवर आले, मग लखानी आणि ॲक्शन. पांढरा नसलेला, निळ्या-करड्या पट्ट्यांचा बूट ईदेला घ्यायचा, ही टूम तेव्हाची. तोवर ईदेला नवी चप्पल असे. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि दशकाच्या मध्यापर्यंत नाइकी, रीबॉक, आदिदास या नावांच्या पाट्या मुंबई-पुण्यात लागल्या. नगरला त्या उशिरा आल्या, त्यांच्या नकला मात्र लगेच आल्या.

या नावांना किंमत कशी आली, ते पाहण्यासाठी पुन्हा अमेरिकेत जावे लागते. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर जिंकलेला टॉमी स्मिथ आणि तिसरा आलेला जॉन कार्लोस हे दोघे कृष्णवर्णीय धावपटू पदक घ्यायला बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर गेले. आपल्या लोकांची गरिबी जगाला दिसावी म्हणून. राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. ते छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. त्यातले पाय फार थोडे पाहतात. स्मिथने पुमाचा एक बूट बरोबर नेऊन चौथऱ्यावर ठेवला होता, तोही थोड्यांनाच आठवतो. दोघांना संघातून घरी पाठवले गेले. त्या बुटाचा वाण पुढे सुएड या नावाने विकला गेला आणि आजही विकला जातो.

१९८५ साली बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचा बूट पासष्ट डॉलरला निघाला. लीगने त्याच्या लाल-काळ्या रंगाला हरकत घेतली आणि कंपनीने त्या हरकतीचीच जाहिरात केली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हॉलिस वस्तीतले रन-डीएमसी हे तिघे रॅप गाणारे तरुण आदिदासचे बूट नाड्यांशिवाय घालून रंगमंचावर येत. तुरुंगात कैद्याच्या नाड्या काढून घेतात, तिथून आलेली ही तऱ्हा. त्यांच्याच भागातल्या एका डॉक्टराने असे बूट घालणारी पोरे म्हणजे गुंड, अशा अर्थाची रचना केली होती. तिला त्यांनी १९८६ साली बुटांवरच्या गाण्याने उत्तर दिले. हे बूट घालून आम्ही चोरी करत नाही, चांगले काम करतो, असा त्याचा मतलब. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी आवाज दिला आणि हजारो श्रोत्यांनी पायातले बूट काढून वर धरले. कंपनीचे अधिकारी ते पाहत होते. लगेच करार झाला. खेळाडू सोडून गायकांशी बुटाच्या कंपनीने असा करार करणे तेव्हा नवलाचे होते. बूट कारखान्यात बनला, पण त्याची पत वस्तीने बनवली. हा हिशेब तेव्हापासून तसाच चालू आहे.

आपल्या भागातल्या धावपटूंचे चरित्र वाचा, तोच हिशेब दिसेल. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीची वर्षे अनवाणी धावली आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटर पायपीट करून शाळेला जाई. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि लष्करातच धावायला लागला. २०१८ साली त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचा गोपाळ सैनी यांचा सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ साली बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले आणि २०२३ साली आशियाई सुवर्ण. राळेगणच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरांच्या तोंडी त्याचेच नाव होते. आता कार्बनची पट्टी घातलेले शर्यतीचे बूट वीस हजारांच्या पुढे मिळतात. भरतीच्या पोराच्या घरी तेवढ्यात बी-बियाणे आणि खत येते.

श्रीरामपूरच्या झहीर खानचेही इथे नाव घेतले पाहिजे. २००० साली तो भारताकडून खेळू लागला आणि आमच्या मोहल्ल्यात जो तो डावखुरा वेगवान गोलंदाज झाला. २०११चा विश्वचषक आपण जिंकला तेव्हा त्याच्या नावावर एकवीस बळी होते. त्या वर्षी पोरांना खिळ्यांचे बूट हवे होते. एका पोराने साध्या कॅनव्हासला चुका ठोकून घेतल्या आणि दुसऱ्याच षटकात पाय रक्तबंबाळ करून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अण्णांच्या उपोषणासाठी दिल्लीचे रामलीला मैदान भरले. डोक्यावर 'मी अण्णा'ची पांढरी टोपी आणि पायात महागडे स्नीकर, हे चित्र दूरदर्शनवर रोज दिसे. टोपी गावाची आणि बूट मॉलचा. टोप्या काही महिन्यांत दिसेनाशा झाल्या.

मग गाण्याची पाळी आली. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझीने २०१४ साली आयपॅडवर ध्वनिमुद्रण आणि चित्रण करून 'आफत' हे रॅप लोकांपुढे आणले. अंधेरीचा डिव्हाइन आणि धारावीचा एमसी अल्ताफ हे त्याच लाटेतले. २०१९ साली 'गली बॉय' आला आणि धारावीतला मुराद नावाचा मुसलमान पोरगा, दहशतवादी न होता, गुंड न होता, हिंदी सिनेमाचा नायक झाला. मला त्या सिनेमाचे एवढे एक कौतुक पुरेसे वाटते. त्याआधीच, २०१७ साली, पुमाने डिव्हाइन आणि इतर रॅपर घेऊन 'सुएड गली' ही जाहिरात केली होती. हा तोच सुएड, जो १९६८ साली टॉमी स्मिथने चौथऱ्यावर ठेवला होता. मेक्सिकोत त्या बुटाने गरिबी दाखवली, मुंबईत त्याच बुटाला विकण्यासाठी गरीब गल्ली दाखवली गेली. नाराज व्हावे की खूश, मला ठरवता येत नाही. त्या पोरांना कामाचे पैसे मिळाले असतील तर मी कोण बोलणारा?

कातड्याच्या धंद्याचे काय झाले, ते मात्र बोलले पाहिजे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. कुरेशी बांधवांचा धंदा बसला, धारावीतल्या चामड्याच्या गाळ्यांना झळ पोचली आणि कोल्हापुरी शिवणाऱ्या चर्मकारांना कातडे महाग झाले. एकाच फटक्यात दोन जमाती. हे दोन समाज एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करत आले, पण एका व्यासपीठावर क्वचितच आले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल, कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले आणि डिसेंबरमध्ये संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकच्या महामंडळाशी करार केला. नाव मिळाले. शिवणाऱ्याच्या हातात किती पडेल, ते पुढे कळेलच.

दर जुम्म्याला मशिदीच्या पायऱ्यांवर बसून मी हे सगळे आपल्या डोळ्यांनी पाहतो. पूर्वी तिथे स्लिपर आणि चपलांचा ढीग असे, आपली ओळखायला लागे. आता एक रांग स्नीकरांची असते. माझा नातू आपले बूट पिशवीत घालून सफेत आत नेतो. मी एकदा रागावलो, तर म्हणाला, "नाना, फर्स्ट कापी हय, पर चोरी होती ना!" आत सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि त्याचे अर्धे लक्ष पिशवीत. त्याला काय म्हणावे? इमामसाहेबांनीही आता जिन्याखाली कप्पे करून घेतले आहेत.

आणखी एक बदल मला महत्त्वाचा वाटतो, त्याबद्दल आपल्याकडे कोणी लिहिलेले नाही. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर बुरख्यातल्या मुलींच्या पायात आता पांढरे स्वच्छ स्नीकर असतात. पूर्वी सँडल असे, चालणे जपून असे. आता त्या भराभर चालतात, बस पकडायला पळतात. बाकी सगळे झाकलेले असताना आपली आवड दाखवायला पायाएवढी जागा उरते आणि त्या ती पुरेपूर वापरतात. मौलवी आणि सुधारक दोघेही बुरख्यावर भांडत राहिले, पायांकडे दोघांचेही लक्ष गेले नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या पगारातून असे बूट घेतले. कुणासाठी घेतलेस, असे तिच्या फुफीने विचारले, तर ती म्हणाली, "चलने के वास्ते."

हे बूट येतात कुठून? मुंबईत कामाठीपुऱ्याजवळ डेढ गल्ली आहे. दर शुक्रवारी पहाटे चारच्या सुमारास तिथे जोड्यांचा बाजार भरतो. वापरलेले, कारखान्याने नाकारलेले, नकली, क्वचित अस्सलही. गिऱ्हाईक मोबाइलच्या उजेडात तळ वाकवून बघते, शिवण तपासते, वास घेते. ऊन चढायच्या आत बाजार उठतो आणि विकणारे जुम्म्याच्या तयारीला लागतात. अस्सल बूट मात्र फार लांबून येतात. नाइकीचे जवळजवळ निम्मे बूट व्हिएतनाममध्ये बनतात, काही तमिळनाडूतल्या चेय्यारलाही बनतात. तिथल्या कारखान्यांत कामाला बहुतांश बायका आहेत.

मागच्या महिन्यात नातवाच्या बुटाचा तळ उघडला म्हणून आम्ही दोघे नगरच्या बाजारात एका जुन्या कारागिराकडे गेलो. माझे जोडे त्याच्या वडिलांनीही शिवलेले आहेत. त्याने बूट उलटा-पालटा करून पाहिला. "मास्तर, हा शिवता येत नाही. याला शिवणच नाही, नुसता चिकटवलाय. सोल्यूशन लावून देतो, पण पावसाळ्यात जाईल." त्याने डबा उघडला, ब्रशने दोन्ही बाजूंना लावले आणि वाळेपर्यंत थांबायला सांगितले. आता दिवसाचे बहुतेक काम असेच असते, म्हणाला. आरी महिन्यातून चार-दोनदा हातात येते, तीही जुनी कोल्हापुरी आली तर. चिकटवायचे त्याने चाळीस रुपये घेतले. निघताना मी राळेगणच्या रस्त्यावरच्या त्या पोराची हकिकत सांगितली. त्याने नातवाच्या हातात बूट देत विचारले, "मग, झाला का तो भरती?"